शिक्का उपकरणावर, भरवसा जोडणीवर

गेल्या महिन्यात झाडकाम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने मला फोटो पाठवला. ऑनलाइन मागवलेलं, दोरावर चढण्या-उतरण्याचं ॲल्युमिनियमचं उपकरण, चकचकीत लाल, एका बाजूला ‘सीई’ कोरलेलं, खाली ‘२५ केएन’. सोबत एवढंच लिहिलं होतं : ‘ताई, हे चालेल का?’

फोनवर आम्ही बराच वेळ बोललो. मग वाटलं की हे नीट लिहूनच ठेवावं, कारण पावसाळ्याआधीच्या छाटणीची कामं सुरू झाली की हाच प्रश्न मला वेगवेगळ्या मुलांकडून येतो. पुण्यात आता रोपवर, म्हणजे चढाईच्या खास दोरावर, चढून फांद्या उतरवणारी बरीच मंडळी आहेत. कुणी माझ्यासारखी सह्याद्रीतल्या सुळक्यांवरून आलेली, कुणी उंच इमारतींच्या काचा धुण्याच्या कामातून. कड्यावर आणि काचेवर शिकलेलं पुष्कळ काही झाडावर उपयोगी पडतं. पण उपकरण निवडताना आणि ते रोपवर चढवताना तेच शिक्षण फसवूही शकतं, कारण सुळक्याचा खडक आणि इमारतीची गच्ची जागची हलत नाहीत, आणि झाडावर फांदी, रोप, माणूस हे सगळंच हलत असतं.

आधी ‘सीई’ या शिक्क्याबद्दल. वस्तू युरोपच्या नियमांत बसते असं तो सांगतो. उंचीवरून पडण्यापासून वाचवणारं साहित्य युरोपात वैयक्तिक संरक्षण साधनांच्या कायद्याखाली येतं. सध्याचं नियमन २०१६/४२५ क्रमांकाचं. २१ एप्रिल २०१८ पासून ते लागू आहे आणि त्याने १९८९ सालचा जुना निर्देश बदलला. त्यात साधनांचे तीन वर्ग केले आहेत. बागकामाच्या साध्या हातमोज्यांसारख्या पहिल्या वर्गातल्या वस्तूवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर शिक्का मारू शकतो. तिसरा वर्ग म्हणजे जिथे साधन निकामी झालं तर माणूस जाईल किंवा कायमचा जायबंदी होईल असं साहित्य. आपलं सगळं साहित्य या वर्गात येतं. इथे उत्पादकाचा शब्द पुरत नाही. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था नमुना तपासून प्रमाणपत्र देते, ते जास्तीत जास्त पाच वर्षांपुरतं असतं, आणि कारखान्यातून निघणाऱ्या मालावरही बाहेरच्या संस्थेची नजर राहते. नजर ठेवणाऱ्या त्या संस्थेचा चार आकडी क्रमांक ‘सीई’च्या शेजारी असावाच लागतो. फ्रेंच बनावटीच्या साहित्यावर अनेकदा ००८२ दिसतो, तो ‘आपाव्ह’ या संस्थेचा. कुठला क्रमांक कुणाचा हे युरोपियन कमिशनच्या ‘नँडो’ या यादीत कुणालाही मोफत शोधता येतं.

त्या फोटोतल्या उपकरणावर नुसतं ‘सीई’ होतं. चार आकडे नाहीत, अनुक्रमांक नाही, बनवल्याचं वर्ष नाही, कुठल्या जाडीचा रोप चालेल तेही नाही. फक्त २५ केएन, म्हणजे किलोन्यूटन, साधारण अडीच टन. हा आकडा खरा मानला तरी तो एवढंच सांगतो की धातूचा तुकडा किती ओढला की तुटेल. झाडावरच्या उपकरणाला याहून अवघड प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. या रोपवर ते धरेल का, धरल्यावर सुटेल का, आणि सुटल्यावर पुन्हा धरेल का?

पण चार आकडे सापडले म्हणून हुश्श करू नये. प्रमाणपत्र नेमकं कशाला मिळालं आहे ते पत्रक उघडल्यावरच कळतं. खोक्यातलं ते बारीक अक्षरांतलं, वीस भाषांमध्ये छापलेलं पत्रक बहुतेक जण खोक्यासकट टाकून देतात. मी ती सगळी एका फाइलमध्ये ठेवते. काम सुरू करण्याआधी नव्या मुलांनी ती माझ्यासमोर वाचावीत असा माझा आग्रह असतो. इंग्रजी अडलं तर मी मराठीत सांगते, पण आकृत्या त्यांनीच पाहायच्या. कवटीचं चित्र आणि फुली असलेल्या आकृत्या आधी.

उदाहरणच घेऊ. रोपवर सरकणाऱ्या उपकरणांसाठी युरोपचं १२८४१ क्रमांकाचं मानक आहे. ते मुळात रोपवर लटकून कारखाने, पूल, इमारतींवर काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात तीन प्रकार आहेत : ‘ए’ म्हणजे सुरक्षेच्या दुसऱ्या रोपवर चालणारं, ‘बी’ म्हणजे कामाच्या रोपवर वर चढण्याचं, ‘सी’ म्हणजे कामाच्या रोपवर खाली उतरण्याचं. एकच उपकरण यातल्या एका प्रकारात उत्तीर्ण असू शकतं आणि दुसऱ्यात त्याची परीक्षाच झालेली नसू शकते. जुमारला, म्हणजे हातात धरून वर चढायच्या उपकरणाला, ‘बी’ मिळालेला पाहून कुणी त्यावर एकट्यावर लटकून करवत चालवायला लागला, तर शिक्का खरा आणि वापर खोटा अशी गत होते. पायाला लावायचं ‘पँटिन’ तर आपण सगळेच वापरतो. त्याच्या पत्रकात स्वच्छ लिहिलंय की हे संरक्षण साधन नाही. ते चढायला मदत करतं, पडताना धरण्यासाठी ते बनवलेलंच नाही.

आता रोपची जाडी. पेट्झल या फ्रेंच कंपनीचं ‘झिगझॅग’ पुण्यात बऱ्याच जणांनी पाहिलंय : कड्यांची छोटी साखळी, तिच्यातून रोप नागमोडी जातो, वजन आलं की कडी मुडपून रोपला आवळतात, वरची दांडी दाबली की सैल होतात. ते ११.५ ते १३ मिलिमीटरच्या रोपसाठी आहे, आणि तो रोपही युरोपच्या १८९१ क्रमांकाच्या मानकातला ‘ए’ प्रकारचा हवा. या प्रकारच्या रोपने नुसता २२ किलोन्यूटन आणि गाठीसह १५ किलोन्यूटन सोसायला हवा, अशी त्या मानकाची अट आहे. गिर्यारोहणाच्या क्लबमधून आलेल्या मुलांकडे १०.५ चा रोप असतो, चांगल्या कंपनीचा, नवाकोरा. उपकरण त्यावर चढतंही आणि धरतंही, म्हणजे जमिनीवर कोरड्या रोपने धरतं. अर्धा-एक मिलिमीटरने असं काय बिघडतं, असं विचारतात. बिघडतं ते असं की कड्यांचा कोन रोपच्या जाडीवर ठरतो. रोप बारीक झाला की कडी आणखी मुडपावी लागतात, धरण्याचा क्षण उशिरा येतो, आणि रोप थोडा मऊ किंवा चकाकीचा असला तर येतही नाही.

यापुढचा भाग जरा लांबेल, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो.

झाडावर रोप दोन तऱ्हांनी वापरतात. पहिल्या तऱ्हेत रोप फांदीवरून घालून दोन्ही बाजू माझ्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्याला, येतात. एक टोक बांधलेलं, दुसऱ्या बाजूवर उपकरण. मी वरखाली झाले की रोप फांदीवरून फिरतो. यात माझं वजन दोन बाजूंत वाटलं जातं. मी, हार्नेस, हातकरवत, पाणी मिळून ७० किलो धरले, तर फांदीच्या घर्षणाचा हिशेब बाजूला ठेवून उपकरणावर साधारण ३५ येतात. दुसऱ्या तऱ्हेत रोप स्थिर असतो, वर किंवा खोडाच्या बुंध्याशी बांधलेला, आणि मी एकाच पदरावर चढते. इथे पूर्ण ७० उपकरणावर.

पहिल्या तऱ्हेसाठी घडवलेलं उपकरण, किंवा प्रुसिकच्या कुळातली गाठ (रोपभोवती वेगळी दोरी गुंडाळून मारलेली, वजन आलं की आवळणारी), एकेरी पदरावर नेली की दुप्पट भार पडतो. गाठ इतकी आवळते की उतरताना सुटत नाही, आणि जोर लावून सोडवली की एकदम सरकते. म्हणून एकेरी पदरावर गाठीच्या वर घर्षणाचा काही वाटा उचलणारं दुसरं काहीतरी लागतं. अमेरिकेतल्या केव्हिन बिंगहॅम या झाड-चढणाऱ्याने याच कारणासाठी ‘रोप रेंच’ काढलं, आणि वेल्समधली आयएससी कंपनी ते बनवते. रोपला ते किंचित वाकवतं, तेवढ्याने घर्षण येतं आणि खालची गाठ हातात राहते. पण जीव धरणारी ती गाठच. रेंच स्वतः काहीही धरत नाही. त्याला उभं ठेवणारा ताठ पट्टा मुडपला, किंवा रेंच फांदीला अडकून उलटं झालं, की गाठीवर पुन्हा सगळा भार. झिगझॅगचंही तसंच : ते एकटं एकेरी पदरावर वापरायला कंपनीची मनाई आहे. त्यासाठी ‘शिकेन’ नावाचा वेगळा जोडब्रेक त्याच कंपनीने काढला आहे, आणि दोन्ही मिळूनच ती जोडणी मान्य होते.

म्हणून मी मुलांना सांगते, प्रमाणपत्र धातूला मिळालेलं नसतं. या जाडीचा, या प्रकारचा रोप, गाठ मारायची ही गाठदोरी किंवा हा ब्रेक, हा कॅरॅबिनर (तोंड उघडणारा जोडकडा), ही दिशा आणि एवढं वजन, अशा पूर्ण जोडणीला ते मिळतं. त्यातला एक भाग बदलला की आपण चाचणीच्या बाहेर गेलो. बाहेर गेलो म्हणजे पडलोच असं नाही. पण धरेल की नाही हे मग कुणी आधी पाहिलेलं नसतं, ते आपण वर जाऊन पाहणार असतो.

चांगल्या कंपनीचंही साहित्य फसतं, हे विसरू नये. २०१३ मध्ये पेट्झलने पहिलं झिगझॅग परत मागवलं, कारण काही उपकरणांच्या कड्यांमध्ये भेगा आढळल्या. उपकरणावर सीई होतं, चार आकडे होते, सगळं रीतसर होतं. पण बनवणारा ठाऊक होता आणि उपकरणांवर अनुक्रमांक होते, म्हणून वापरणाऱ्यांपर्यंत निरोप पोचला. त्या लाल वस्तूत उद्या भेग निघाली तर विकणारा कुणाला कळवणार? मला शिक्क्याची किंमत इथे सगळ्यात जास्त वाटते. बनवणारा नंतरही सापडतो.

झाडाखाली पोचल्यावर काय करायचं, ते आता.

दुर्बीण आणा. साधी, पक्षी पाहायची असते तीच. आडव्या जाड फांदीच्या खालच्या अंगाला आग्या मोहोळ असतं आणि पानांच्या आड ते जमिनीवरून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोकणातल्या आंब्यावर काम करायचं असेल तर तांबड्या मुंग्यांची, हुमल्यांची, पानं शिवलेली घरटीही बघून ठेवा. विजेची तार जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय रोप वर फेकूच नका. ओला रोप वीज वाहतो, आणि पुण्यात जूनमध्ये कोरडा रोप नसतोच.

मग फांदी. फेकदोरीने वजनाची पिशवी टाकून दोर चांगल्या बेचक्यात गेला, की आनंदाने लगेच रोप ओढू नका, झाड कुठलं आहे ते आठवा. चिंचेचं लाकूड चिवट, मनगटापेक्षा थोडी जाड फांदीही खूप काही सांगून मोडते. गुलमोहर आणि सिल्व्हर ओक काही न सांगता मोडतात. शेवगा आणि पांगारा यांच्यावर मी अँकर, म्हणजे रोपचा वरचा आधार, घेतच नाही, शेजारच्या झाडावरून काम करते. गुलमोहरावर तर जुन्या, चुकीच्या कापण्याची खुंटं पाहा, आत पोकळ कुजलेलं असतं आणि बाहेरून साल शाबूत. आंब्याच्या अरुंद दुबेळक्यात दोन फांद्यांमध्ये साल दाबली गेलेली असते, तिथे लाकूड जुळलेलंच नसतं. वडाच्या पारंब्या कितीही दोरखंडासारख्या दिसल्या तरी अँकर म्हणून त्यांना हात लावू नका.

रोप बुंध्याशी बांधणार असाल तर आकडेमोड पुन्हा करा. माझे ७० किलो एका बाजूला, आणि ते तोलायला बुंध्याकडच्या बाजूलाही जवळपास तेवढाच ताण. वरच्या फांदीवर दोन्ही मिळून १४० च्या आसपास येतात, फांदीच्या घर्षणाने थोडे कमी. त्यात चढतानाचे झटके वेगळे. म्हणून माझ्या गटात नियम आहे : बुंध्याशी बांधलेल्या रोपवर आधी दोघांनी मिळून लटकायचं, उड्या न मारता, हळूहळू वजन टाकत, आणि तिसऱ्याने दुर्बिणीतून फांदी पाहायची. फांदीने ते सोसलं तर एकटीने वर जायचं. आणि बुंध्याच्या गाठीजवळ करवत घेऊन कुणी जायचं नाही. खालच्या माणसाने ढीग आवरताना चुकून तो रोप कापला तर वरच्याकडे काहीच उरत नाही. तिथे आम्ही लाल फडकं बांधतो.

उपकरण रोपवर चढवल्यावर कॅरॅबिनर तीन हालचालींनीच उघडणारा, आपोआप बंद होणारा, आणि त्याचं तोंड फांदीकडे न येणारं. रोपच्या खालच्या टोकाला गाठ, रोप जमिनीला पोचत असला तरीही. मग जमिनीवरून दोन हात वर चढून थांबायचं, दोन्ही हात सोडायचे, दांडी दाबून फूटभर उतरायचं, पुन्हा सोडायचं, धरतंय ते पाहायचं. हे दर चढाईला, आणि जेवण करून परत चढतानाही. जेवणाच्या वेळी कुणीतरी रोप सरकवलेला असतो, किंवा ऊन येऊन तो कडक झालेला असतो.

झिगझॅगला आणि बऱ्याच झाड-उपकरणांना घाबरून दांडी दाबली तर अडवणारी सोय नाही. इमारतीवरचे काही डिसेंडर, म्हणजे उतरण्याची उपकरणं, जोरात ओढले की थांबतात. तिथून आलेल्या मुलांच्या हाताला ती सवय असते आणि ती इथे घातक आहे. घाबरला की माणूस मूठ आवळतो, आणि इथे मूठ आवळणं म्हणजे सुटणं. गाठीवर तर नुसता वरून रोप पकडला तरी गाठ खाली ढकलली जाऊन सरकते. तुटक्या फांदीचं खुंट दांडीवर येऊन टेकलं तरी तेच. म्हणूनच करवत चालू करण्याआधी लॅनयार्डचा, म्हणजे हार्नेसपासून खोडाभोवती घालायच्या आखूड दोराचा, दुसरा आधार हवाच. अमेरिकेचं झाडकामाचं झेड १३३ मानकही चेनसॉ वापरताना दोन आधार मागतं. लॅनयार्डमध्ये पोलादी तार असली तरी चेनसॉ तिलाही कापते, एवढंच की थोडा वेळ मिळतो.

मोहोळ उठलं तर काय? भरभर उतरावं लागतं, आणि भरभर उतरताना सगळं तापतं. गाठदोरी कशाची आहे हे तेव्हा महत्त्वाचं ठरतं. ॲरामिड वितळत नाही. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतं, नायलॉनचा एक प्रकार २२० च्या आसपास. आणि ज्याला बाजारात सगळ्यात मजबूत म्हणून विकतात ते डायनीमा १४५ च्या आसपासच. ओढून तोडायला ते खरंच सगळ्यात अवघड आहे, पण घर्षणाच्या गाठीसाठी ते घेऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) दोर १६५ च्या जवळ वितळतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

या सगळ्या चाचण्या स्वच्छ रोपवर होतात. आपल्याकडे रोप स्वच्छ राहत नाही. वड, पिंपळ, उंबर, फणस : आपल्या कितीतरी मोठ्या झाडांना चीक असतो. ताजा चीक रोपला लागला की गाठ अडखळत, गचके देत सरकते. वाळला की त्याचा रबरासारखा पापुद्रा होतो, त्यावर धूळ बसते, आणि रोप तेवढ्या भागात कडक आणि गुळगुळीत होतो. त्याच चिकाने झिगझॅगच्या कड्यांच्या खिळ्यांपाशी कीट जमते. कडी आळसावतात, मुडपायला वेळ घेतात. दर चढाईआधी मी प्रत्येक कडं बोटाने हलवून पाहते. एक जरी आपोआप सैल पडत नसेल तर ते उपकरण त्या दिवशी पेटीत.

फणसाचा चीक हाताला खोबरेल लावून काढायचा हे घरोघरी माहीत आहे. रोपला लावू नका. तेल आत शिरतं, गाठ धरत नाही आणि ते पुन्हा निघत नाही. रॉकेल आणि थिनरलाही पत्रकांत मनाई आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं, एवढंच. कधी कधी चीक निघतच नाही. मग रोपचा तेवढा तुकडा कापून रोप आखूड करायचा, आणि नवी लांबी टोकावर लिहायची.

आणि टेम्पोत बॅटरी असेल तर रोपची पिशवी तिच्याजवळ ठेवू नका. नायलॉनला आम्ल लागलं की आतून धागा खलास होतो आणि वरून डागही दिसेलच असं नाही. शंका आली तरी मी रोप बाद करते, आणि बाद केलेला रोप तुकडे करूनच टाकते, नाहीतर तो कुणाच्या तरी झोपाळ्याला किंवा दुसऱ्याच्या हार्नेसला लागतो.

ब्रिटनमध्ये माणसं उचलणारं साहित्य दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घेणं १९९८ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पेट्झलसारखे उत्पादक वर्षातून एकदा तरी सखोल तपासणी सांगतात, आणि कापडी-प्लास्टिक वस्तूंना बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. आपल्याकडचं ऊन, धूळ आणि चीक पाहता मी सहा महिन्यांचाच नियम पाळते : एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीनंतर. वही साधी आहे. उपकरणाचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, कुठल्या रोपवर वापरलं, काय झिजलं, कुणी पाहिलं. स्वतःचं साहित्य स्वतःच पाहायचं नाही, अदलाबदल करायची. रोज हातात असलेल्या वस्तूची झीज आपल्या डोळ्यांना दिसेनाशी होते.

वेल्ह्याकडचे एक मामा कित्येक वर्षं आमच्या कामावर येतात. लहानपणापासून काथ्याच्या दोराचा फास खोडाभोवती घालून चढत आलेत. कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकून आवाजावरून पोकळी कुठे आहे ते सांगतात, आणि ते ऐकायला मी त्यांच्याकडून शिकले. आता ते हार्नेस घालतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “ताई, हे एवढं महाग, ठेकेदार कुणाला देतो का?” बहुतेक देत नाहीत. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतलेली असते, तिचा कागद लॅमिनेट करून ठेवतात, आणि वर चढणाऱ्याच्या कमरेला गाठ मारलेला पीपी दोर असतो. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माझी कळकळीची विनंती आहे : कोटेशन मागताना चढणाऱ्याच्या साहित्याची यादी आणि तपासणीची वही मागा. जो ती दाखवेल त्याचा दर जास्त असेल. तो दर त्या माणसाच्या घरी परत जाण्याचा आहे, त्यात घासाघीस करू नका.

पैसे मोजकेच असतील तर यांत्रिक उपकरण सगळ्यात शेवटी घ्या. आधी चांगलं हार्नेस, हनुवटीच्या पट्ट्याचं हेल्मेट, ‘ए’ प्रकारचा १२ च्या आसपासचा रोप, दोन-तीन प्रमाणित कॅरॅबिनर, लॅनयार्ड. रोपच्याच शेपटीने ब्लेक गाठ, म्हणजे आवळून धरणारी घर्षणाची गाठ, मारून पहिल्या तऱ्हेने, दोन पदरांवर, पूर्ण झाड करता येतं. हळू होतं, हात दुखतात, पण घर्षण म्हणजे काय ते तळहाताला कळतं, आणि नंतर उपकरण घेतलं की ते कुठे अडेल आणि कुठे सुटेल याचा अंदाज आधीच आलेला असतो.

आणि रोपचा दुसरा संच, खाली थांबलेल्या माणसासाठी. माझ्या गटात वर कुणीही असलं तरी खाली एक जण हार्नेस घालूनच उभा असतो, त्याच झाडात त्याचा रोप आधीच टाकलेला असतो, आणि त्याच्या उपकरणाचीही जमिनीवरची चाचणी झालेली असते. वरचा माणूस बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकला तर अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. लटकलेल्या पायांत रक्त साचत राहतं. दर महिन्याला एकदा, कमी उंचीच्या फांदीवरून, आम्ही एकमेकांना खरोखर उतरवून बघतो. यावेळी पाळी मामांची आहे, उतरवणाऱ्याची.